आईचं सोडियम 118, आणि किडनीचे दोन वेगळे हिशेब

दवबिंदू

दीड महिन्यापूर्वी आई (वय 74) दोन दिवस गप्प गप्प होती. चालताना तोल जायचा, सारखं मळमळायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला ओळखलं, पण आज वार कोणता ते सांगता येईना. रक्त तपासलं तर सोडियम 118. सामान्य पातळी 135 ते 145.

मी लगेच ठरवून टाकलं की अंगातलं मीठ कमी झालंय, ते भरून काढलं की झालं. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी नाही, पाणी जास्त झालंय. रक्तदाबाची ही गोळी आजपासून बंद करा आणि पाणी मोजून द्या." मला काहीच कळेना. आई लघवीला नीट जात होती, अंगावर सूज नव्हती, क्रिएटिनिनही (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) ठीक होतं. मग किडनीने ते जास्तीचं पाणी टाकून का नाही दिलं?

आई आता बरी आहे. तो प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. महिनाभर मिळेल ते वाचलं. जे समजलं ते इथे मांडते. चुकलं असेल तिथे जाणकारांनी जरूर सांगावं.

मला पहिल्यांदा पटलेली गोष्ट अशी की किडनीला आपण कचरा काढणारं यंत्र समजतो, पण तिचा बहुतेक वेळ आणि शक्ती खर्च होते ती वस्तू परत घेण्यात. दोन्ही किडन्या मिळून वजन जेमतेम 300 ग्रॅम, पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दर मिनिटाला 1 लिटरहून जास्त. एकेका किडनीत साधारण 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. त्यातून रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं सोडून बाकी जवळजवळ सगळं नळीत उतरतं : पाणी, सोडियम, साखर, बायकार्बोनेट, युरिया. दिवसभरात असा 180 लिटर द्रव उतरतो. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, असतो सुमारे 3 लिटर. तो दिवसातून साठेक वेळा पूर्णपणे नळीत उतरून परत येतो. लघवी होते दीड लिटर. बाकीचं सगळं परत घेतलेलं.

दुसरी गोष्ट समजायला मला खूप वेळ लागला, आणि आईच्या आजाराची किल्ली तीच आहे. किडनी दोन वेगळे हिशेब ठेवते.

एक हिशेब *किती* याचा. रक्तवाहिन्यांत आणि पेशींच्या भोवती एकूण द्रव किती, हे ठरतं अंगात सोडियम किती आहे त्यावर. कारण सोडियम पेशींच्या बाहेर राहतं आणि पाण्याला आपल्याजवळ धरून ठेवतं. साधारण 9 ग्रॅम मीठ अंगात जास्तीचं राहिलं की त्याच्यासोबत 1 लिटर पाणी राहतं.

दुसरा हिशेब *किती दाट* याचा. रक्त किती खारट आहे हे ठरतं पाण्यावर. तहान आणि एडीएच हे संप्रेरक यांच्या जोरावर हा हिशेब चालतो. रक्ताचा दाटपणा 1 टक्क्याने वाढला तरी मेंदूला कळतं. एडीएच सुटतं, किडनीतल्या शेवटच्या नळ्या पाण्यासाठी उघडतात, पाणी परत घेतलं जातं आणि लघवी पिवळीधमक होते. पाणी जास्त झालं की एडीएच थांबतं, नळ्या बंद होतात, पाण्यासारखी लघवी होते.

रिपोर्टमधला 118 हा आकडा दाटपणाचा आहे. अंगात एकूण सोडियम किती, हे तो सांगतच नाही. एका ग्लासात एक चमचा मीठ आणि दोन ग्लासांत मिळून दोन चमचे मीठ, चव सारखीच लागणार. आईच्या बाबतीत पाण्याचा हिशेब बिघडला होता, आणि मी मिठाच्या वहीत चूक शोधत होते.

रक्तदाबाच्या गोळीने पाणी का साठलं, हे मात्र मला अजून नीट कळलेलं नाही. ती गोळी तर लघवी वाढवणारी.

---

लांबपल्ला

खूप छान लिहिलंय. आई सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. तो दोन ग्लासांचा दाखला मी लक्षात ठेवणार.

---

स्टेथो

दवबिंदू, मांडणी अगदी बरोबर आहे. 'सोडियमचा आकडा म्हणजे पाण्याची बातमी' हे आम्ही विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, तरी परीक्षेत चुकतंच.

तुमच्या प्रश्नाबद्दल. बहुधा ती थायझाइड गटातली गोळी असणार. वाढत्या वयातल्या स्त्रियांमध्ये हे आम्ही वरचेवर पाहतो.

जास्तीचं पाणी टाकायचं तर किडनीला आधी लघवी *पातळ* करावी लागते. पातळ करायची म्हणजे नळीतल्या द्रवातून मीठ काढून घ्यायचं आणि पाणी आतच ठेवायचं. हे काम हेन्लेच्या वळणाचा (नेफ्रॉनच्या नळीतला आकड्यासारखा वळलेला तुकडा) चढता भाग आणि त्याच्या पुढची दूरस्थ नळी करतात. तिथल्या भिंती मिठाला वाट देतात, पाण्याला देत नाहीत. सगळं सुरळीत असेल तर लघवीचा दाटपणा 50 पर्यंत खाली येतो (एकक मिलिऑस्मॉल, म्हणजे विरघळलेल्या कणांची मोजणी; रक्ताचा असतो 280 ते 295). थायझाइड नेमकं त्या दूरस्थ नळीतच मीठ परत घेणं अडवतं. लघवी वाढते, अंगातलं मीठ कमी होऊन रक्तदाब उतरतो, पण लघवी पुरेशी पातळ करण्याची ताकद जाते. त्याच वेळी किडनीच्या गाभ्यातला खारटपणा शाबूत असतो, म्हणून एडीएच असेल तर पाणी ओढून घेण्याची क्षमता मात्र तशीच राहते. टाकण्याची वाट अरुंद आणि परत घेण्याची वाट मोकळी.

आता एक हिशेब करून पाहा. दिवसाला साधारण 600 मिलिऑस्मॉल इतका युरिया आणि क्षार बाहेर टाकायचा असतो. लघवी 50 पर्यंत पातळ करता आली तर त्यासोबत 12 लिटर पाणी जाऊ शकतं. 300 च्या खाली येत नसेल तर फक्त 2 लिटर. त्यात माणसाचं जेवण कमी झालं असेल, म्हणजे युरियाच कमी तयार होत असेल, तर तेवढंही नाही. आई त्या दिवसांत नीट जेवत होत्या का?

---

दवबिंदू

नाही! पंधरा दिवस जेवण निम्म्यावर आलं होतं, आणि आम्ही सगळे "निदान पाणी तरी पी" म्हणून तिच्या मागे लागलो होतो.

अजून एक. रुग्णालयात मी सारखी विचारत होते की सोडियम पटकन वाढवत का नाही. चार दिवस लावले त्यांनी.

---

स्टेथो

त्यांनी अतिशय योग्य केलं. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं. इतर अवयवांना फुगायला जागा असते, मेंदूला कवटीमुळे नसते. म्हणून मेंदूच्या पेशी दोन दिवसांत आपल्या आतले काही विद्राव्य पदार्थ बाहेर टाकून फुगणं आटोक्यात आणतात. त्या अशा जुळवून घेतलेल्या अवस्थेत असताना सोडियम झपाट्याने वाढवलं तर पाणी उलट बाहेर खेचलं जातं आणि चेतातंतूंवरचं आवरण नष्ट होऊ शकतं. हे नुकसान कायमचं असू शकतं. त्यामुळे 24 तासांत 8 ते 10 च्या वर वाढू द्यायचं नाही, असा दंडक आहे. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल तर सुरुवातीचे थोडे अंक पटकन वाढवतात, पण चोवीस तासांची मर्यादा तेव्हाही पाळतात.

वाचणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. घरात कोणाला अशी गोळी चालू असेल तर हा धागा वाचून ती स्वतःहून बंद करू नका. लाखो लोकांना ती उत्तम लागू पडते. सुरू केल्यावर सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या, एवढंच.

---

मोजपट्टी

मी अभियंता आहे, वैद्यकातलं काही कळत नाही. पण एक गोष्ट खटकते. 180 लिटर बाहेर काढायचं आणि 178 परत आत घ्यायचं, ही केवढी उधळपट्टी! जे नको तेवढंच बाहेर का नाही टाकत?

---

स्टेथो

उधळपट्टी आहेच. नुसतं सोडियम परत घेण्यासाठी किडनी इतका प्राणवायू वापरते की शरीराच्या एकूण वापरापैकी 7–8 टक्के या 300 ग्रॅमवर खर्च होतो. बदल्यात दोन मोठे फायदे मिळतात.

पहिला असा की काय नको याची यादी ठेवावी लागत नाही. शरीरात उद्या कुठला अनोळखी पदार्थ येईल सांगता येत नाही. किडनी सगळंच बाहेर काढते आणि ओळखीचं, हवं असलेलं तेवढं परत उचलते. अनोळखी ते आपोआप वाहून जातं.

दुसरा फायदा वेगाचा, तो तुम्हाला लगेच पटेल. प्रवाह मोठा असला की झडप जराशी फिरवूनही मोठा फरक पडतो. परत घेण्याचं प्रमाण 99 टक्क्यांवरून 98 वर आलं की लघवी दुप्पट. तासाभरात दुरुस्ती होते.

---

रसायनवेडी

पहिल्या मुद्द्याला एक पुस्ती. काही पदार्थांच्या बाबतीत किडनी गाळण्यावर अवलंबून राहत नाही, ते नळीच्या भिंतीतून मुद्दाम आत ढकलते. पेनिसिलिन हे ठळक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन फार दुर्मीळ होतं, आणि किडनी ते इतक्या झटपट बाहेर टाकायची की रुग्णांच्या लघवीतून काढून ते पुन्हा वापरत. पुढे ही वाट अडवणारं प्रोबेनेसिड आलं.

गाळणं आणि परत घेणं हे खरोखर घडतं का, यावरही बराच काळ वाद होता. 1842 मध्ये बोमन यांनी त्या गुच्छाची आणि त्याभोवतीच्या पेल्याची रचना दाखवली. त्याच सुमारास लुडविग म्हणाले की इथे दाबाने द्रव गाळला जातो. पुरावा यायला ऐंशी वर्षं लागली. 1924 मध्ये वर्न आणि रिचर्ड्स यांनी बेडकाच्या किडनीतल्या एका पेल्यात अतिसूक्ष्म काचनळी खुपसून थेंबभर द्रव काढला. त्यात साखर सापडली, मूत्राशयातल्या लघवीत मात्र नव्हती. म्हणजे साखर खाली उतरली होती आणि वाटेत कुणीतरी परत घेतली होती. एका थेंबावर दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. हा प्रयोग मला फार आवडतो.

---

मोजपट्टी

प्रवाहाचा मुद्दा पटला. आता दुसरी शंका. लघवी रक्तापेक्षा *दाट* कशी करतात? पाणी ढकलणारा पंप असतो का?

---

स्टेथो

पाण्याचा पंप शरीरात कुठेच सापडलेला नाही. पाणी नेहमी खारटपणाच्या मागे जातं. म्हणून किडनी आपल्या गाभ्यात खारटपणा रचून ठेवते. हेन्लेचं वळण केसात लावायच्या आकड्यासारखं असतं : एक बाजू खाली उतरते, दुसरी तिला चिकटून वर चढते, प्रवाह उलट दिशांनी. चढती बाजू मीठ बाहेर टाकते, उतरती बाजू पाणी सोडते. प्रत्येक पातळीवर फरक थोडासाच असतो, पण प्रवाह उलटे असल्यामुळे तो साठत साठत टोकाशी 1200 पर्यंत जातो. हे उलट्या प्रवाहांचं तत्त्व कून यांनी 1942 मध्ये मांडलं. ते मुळात भौतिक रसायनवाले होते, म्हणजे तुमच्या बाजूचे.

लघवीची शेवटची नळी या खारट गाभ्यातूनच खाली जाते. एडीएच आलं की तिच्या भिंतीत पाण्याची दारं बसतात आणि पाणी आपसूक बाहेर ओढलं जातं. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन. पीटर आग्रे यांनी 1992 मध्ये अशा प्रथिनाचं काम दाखवून दिलं, 2003 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

1200 ही माणसाची कमाल मर्यादा. म्हणून दिवसाचा 600 चा भार टाकायला किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. समुद्राचं पाणी प्यायल्याने तहान का भागत नाही तेही यातच आलं. त्यातलं मीठ बाहेर टाकायला जेवढं प्यायलं त्याहून जास्त पाणी खर्च होतं.

---

लांबपल्ला

मी लांब अंतराच्या शर्यती धावतो. सुरुवातीला आम्हाला सांगायचे की तहान लागायच्या आधी प्या, प्रत्येक टप्प्यावर प्या. एका शर्यतीनंतर आमच्यातला एक जण गोंधळल्यासारखा बोलायला लागला, उलट्या झाल्या. सगळ्यांना वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून त्याला आणखी पाजलं. त्याचं सोडियम 124 निघालं. सुदैवाने वाचला. हे आईंच्या सारखंच का?

---

स्टेथो

जवळपास तेच, कारण निराळं. स्वस्थ बसलेल्या माणसाची किडनी तासाला पाऊण ते एक लिटर पाणी टाकू शकते. पण दीर्घ श्रम, वेदना, मळमळ या सगळ्यांमुळे एडीएच सुटतं, रक्त पातळ असलं तरीही. वाट बंद, आणि वरून ओतणं चालू. अशा शर्यतीत तहानेइतकंच प्यावं हे उत्तम. शर्यतीअखेर वजन *वाढलेलं* असेल तर तो धोक्याचा इशारा समजा.

---

उत्तररात्र

मला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे, गाळण्याचा वेग 24 वर आलाय. डॉक्टरांनी सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या दिल्यात, कारण रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट 17. "रक्तात आम्ल वाढतंय" एवढंच सांगितलं. मला अ‍ॅसिडिटीचा काहीच त्रास नाही. मग हे आम्ल कुठलं? आणि घरातले म्हणतात, अल्कधर्मी पाणी पी, गोळ्या कशाला. कुणी समजावून सांगेल का?

---

रसायनवेडी

उत्तररात्र, सांगते. हा माझा सगळ्यात आवडता विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

पोटातल्या जळजळीचा इथे काही संबंध नाही. हे आम्ल रोजच्या जगण्यातून तयार होतं. दोन प्रकारचं. पहिलं कार्बन डायऑक्साइडचं, दिवसाला 15,000 मिलिमोलच्या (कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास. प्रचंड आहे, पण वायू असल्याने फुप्फुसं ते बाहेर सोडतात. दुसरं, मुख्यतः प्रथिनांतल्या गंधकातून तयार होणारं सल्फ्युरिक आम्ल आणि तशीच इतर. हे दिवसाला फक्त 70 मिलिमोलच्या आसपास, पण ते उच्छ्वासातून जात नाही. त्याला एकच दार, किडनी.

70 हा आकडा किरकोळ वाटेल. रक्तातल्या हायड्रोजन आयनांशी ताडून पाहा. लिटरभर रक्तद्रवात सोडियम 14 कोटी नॅनोमोल असतं. हायड्रोजन आयन? फक्त 40. सामू (pH, आम्लतेचं माप) 7.4 म्हणजे हे 40. 80 झाले की सामू 7.1, आणि माणूस गंभीर. एवढ्या काटेकोर जागी रोजचे 70 मिलिमोल, म्हणजे 7 कोटी नॅनोमोल, येऊन पडतात. ते बायकार्बोनेट झेलतं. आम्लाचा एक कण आला की बायकार्बोनेटचा एक कण खर्ची पडतो. तुमचा 17 म्हणजे ही शिल्लक कमी झाली. सामान्य पातळी 24.

किडनीची आता दोन कामं. पहिलं, असलेलं जाऊ द्यायचं नाही. 180 लिटरसोबत रोज 4,300 मिलिमोल बायकार्बोनेट नळीत उतरतं, ते जवळजवळ सगळं परत घ्यायचं. गंमत अशी की ते त्या बाजूने सरळ पेशीत शिरत नाही. मोठा पलंग दारातून जात नसेल तर आपण तो सुटा करतो, आत नेतो आणि पुन्हा जोडतो. तसंच हे. पेशी नळीत हायड्रोजन आयन सोडते, तो बायकार्बोनेटला भेटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो, वायू सहज पेशीत शिरतो, आणि आत पुन्हा बायकार्बोनेट बनतं. कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज हे विकर ही सोडजोड क्षणार्धात करतं.

दुसरं काम खर्च झालेले 70 नव्याने बनवायचं. त्यासाठी तेवढे हायड्रोजन आयन लघवीतून कायमचे गेले पाहिजेत. लघवीचा सामू 4.5 च्या खाली जात नाही. तेवढ्या आम्लधर्मी लघवीतही मोकळे हायड्रोजन आयन इतके थोडे मावतात की 70 मिलिमोल टाकायला 2,000 लिटरहून जास्त लघवी लागली असती! म्हणून त्यांना गाडीत बसवून पाठवावं लागतं. एक गाडी फॉस्फेटची, ती रक्तातून आयती येते, पण संख्या ठरलेली. दुसरी अमोनियाची, ही किडनी स्वतः बनवते. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल फोडलं की अमोनियम मिळतं, ते लघवीत जातं, आणि त्याच प्रक्रियेतलं नवं बायकार्बोनेट रक्तात. आम्ल वाढलं की तीन ते पाच दिवसांत किडनी ही गाडी कित्येक पटींनी वाढवू शकते.

तुमच्या बाबतीत नेफ्रॉन कमी उरलेत, त्यामुळे अमोनिया पुरेसा बनत नाही. रोज थोडं आम्ल मागे राहतं, ते हाडं झेलतात आणि झिजतात, स्नायूही खंगतात. गोळी ही रोजची तूट बाहेरून भरून काढते. त्रास जाणवत नाही म्हणून ती सोडू नका.

---

उत्तररात्र

डोळ्यांत पाणी आलं वाचताना. तीन वर्षांत कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. पलंगाचं उदाहरण घरी सगळ्यांना सांगितलं. आणि त्या पाण्याचं?

---

स्टेथो

ते पाणी जठरात जातं, तिथे तीव्र आम्ल आहे. पाण्याचा सामू 9 असला तरी त्यात आम्ल झेलण्याची ताकद नगण्य असते. तुमच्या गोळ्यांची जागा ते घेऊ शकत नाही. उलट तुमच्या अवस्थेत पाणी किती प्यावं हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गोळ्यांतून सोडियमही जातं, म्हणून पायावर सूज किंवा दम वाटला तर लगेच कळवा. आणि अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नका, त्यातल्या बऱ्याच किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात.

---

मोजपट्टी

म्हणजे बायकार्बोनेट कमी दिसलं की आम्ल वाढलं, जास्त दिसलं की कमी झालं, असं सरळ वाचायचं का?

---

रसायनवेडी

तिथेच फसगत होते! सामू ठरतो बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या *गुणोत्तरावर*, साधारण 20 ला 1. एक किडनीच्या ताब्यात, दुसरा फुप्फुसांच्या. नुसता एक आकडा पाहून निदान करता येत नाही.

1952 मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण, ज्यात बहुतांश बायकार्बोनेटच असतं, खूप वाढलेलं दिसायचं. डॉक्टरांना वाटलं, अल्क वाढलंय, कारण कळत नाही. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सांगितलं की उलट आहे, वायू आत कोंडलाय आणि रक्त आम्लधर्मी झालंय. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद द्यायला लावून हाताने पिशवी दाबत श्वास दिला आणि ती वाचली. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने श्वास देत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आधुनिक अतिदक्षता विभागाची सुरुवात इथून मानतात.

---

लांबपल्ला

उंच डोंगरावर गेल्यावर पहिले दोन दिवस सारखी लघवी होते, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

रसायनवेडी

आहे. विरळ हवेत श्वास जोरात चालतो, कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्त अल्कधर्मी होतं. गुणोत्तर जुळवायला किडनी दोन-तीन दिवस बायकार्बोनेट टाकून देते, सोबत सोडियम आणि पाणीही जातं. उंचीवर देतात ती अ‍ॅसिटाझोलामाइड गोळी वर सांगितलेल्या विकरालाच अडवते, म्हणजे पलंग आत येईनासा होतो आणि हे काम लवकर उरकतं.

---

स्टेथो

दवबिंदूंनी दोन हिशेब सांगितले, रसायनवेडींनी तिसरा. हे तिन्ही एकमेकांच्या आड आले तर किडनी काय करते, हे सांगायचं राहिलंय. मला यातलं सगळ्यात विलक्षण तेच वाटतं.

कित्येक दिवस उलट्या होत असलेला रुग्ण घ्या. जठरातलं आम्ल बाहेर गेलं, रक्त अल्कधर्मी झालं. किडनीने बायकार्बोनेट टाकून द्यायला हवं. पण द्रवही गेलाय, रक्तदाब उतरतोय. रेनिन सुटतं, अँजिओटेन्सिन, मग अल्डोस्टेरॉन, रक्तदाब सावरणारे हे सगळे निरोप्ये एकच सांगतात : सोडियम सोडू नकोस. क्लोराइड उलट्यांतून गेलेलं, त्यामुळे सोडियम परत घ्यायचं तर बायकार्बोनेटसकट घ्यावं लागतं, आणि बदल्यात पोटॅशियम नि हायड्रोजन आयन टाकावे लागतात. रक्त अल्कधर्मी, तरी लघवी आम्लधर्मी! पुस्तकात याला विरोधाभास म्हटलंय. मला तो अग्रक्रम वाटतो. आधी मेंदूला रक्त पोचू दे, सामूचं नंतर बघू.

अशा रुग्णाला आम्ल द्यायची गरज सहसा पडत नाही. मिठाचं सलाइन आणि पोटॅशियम दिलं की द्रव भरतो, क्लोराइड मिळतं, आणि किडनी एक-दोन दिवसांत बायकार्बोनेट स्वतःच टाकून देते.

---

यंत्रापाशी

डायलिसिस विभागात अकरा वर्षं तंत्रज्ञ आहे. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे हे सगळं रोज उलट्या बाजूने दिसतं.

किडनी 24 तास करते ते आम्ही आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांत करतो. 168 पैकी 12 तास. यंत्राच्या द्रवात बायकार्बोनेट रक्तापेक्षा जास्त ठेवलेलं असतं, ते पडद्यातून रक्तात जातं, पोटॅशियम आणि युरिया बाहेर येतात. दोन दिवसांची तूट एका बैठकीत भरायची, म्हणून रुग्ण थकून जातात. विलेम कोल्फ यांनी 1943 मध्ये पहिल्या रुग्णावर कृत्रिम किडनी वापरली, तेव्हा पडदा म्हणून सॉसेजची सेलोफेन नळी लाकडी पिंपाभोवती गुंडाळली होती. जिवंत राहिलेला पहिला रुग्ण 1945 मध्ये. पण अमोनिया बनवणं, एडीएचचं ऐकणं, अग्रक्रम ठरवणं यातलं काहीही यंत्र करत नाही. ते माणसाला बाहेरून ठरवावं लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डायलिसिसवरच्या माणसाला नातेवाईक पाण्यावरून फार रागावतात. तहान ही हट्टाची गोष्ट नाही. मीठ खाल्लं की रक्त दाट होतं, मेंदू तहान लावतो, त्यापुढे माणूस हतबल असतो. पाण्याआधी मीठ कमी करा, तहान आपोआप उतरते. दोन बैठकींमध्ये चार किलो वाढवून येणारे एक काका मीठ कमी केल्यावर दोनवर आले, पाण्यासाठी कुणी एक शब्द बोललं नाही.

उत्तररात्र, तुमच्यावर ही वेळ लांबावी अशी मनापासून इच्छा. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. एका दिवसात एक किलो वाढलं तर ती चरबी नसते, लिटरभर पाणी असतं. सूज दिसायच्या कितीतरी आधी काटा सांगतो.

---

उत्तररात्र

वही आजच घातली, 61.4. पुढच्या तपासणीत बायकार्बोनेट किती येतं ते इथे लिहीन.

---

दवबिंदू

सगळ्यांचे मनापासून आभार. स्टेथो, तुमचा 12 लिटर आणि 2 लिटरचा हिशेब कागदावर मांडून आईला दाखवला. ती शिक्षिका होती, तिने तो स्वतः पुन्हा करून पाहिला आणि विचारलं, "मग मला तहान लागली होती की तुम्ही सांगत होतात म्हणून मी पीत होते?" आठवून पाहिलं. तहान लागल्याचं ती एकदाही म्हणाली नव्हती.

कालचं सोडियम 137. रक्तदाबासाठी दुसऱ्या गटातली गोळी सुरू झाली आहे. दहा दिवसांनी पुन्हा सोडियम आणि पोटॅशियम पाहायचं आहे.